पाळकाची निवड कोणाच्या हाती? स्कॉटलंडमधील मंडळीच्या हक्काचा इतिहास

चर्चमधील धर्मगुरूची जागा रिकामी झाली की तिथे नवा धर्मगुरू कोणी आणायचा, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माच्या शाखांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. गोमंतकीय वाचकांना परिचयाची आहे ती कॅथलिक पद्धत. तीत कोणत्या चर्चवर कोण येणार आणि कोणाची बदली कुठे होणार, हे धर्मप्रांताचे प्रमुख ठरवतात. गावकरी जुन्या धर्मगुरूला निरोप देतात, नव्याचे स्वागत करतात. निवड त्यांच्या हाती नसते. प्रोटेस्टंट पंथाच्या प्रेस्बिटेरियन शाखेने याच्या उलट वाट धरली. तिथे रविवारी उपासनेला जमणारे लोक, म्हणजेच मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’, आपला पाळक स्वतः शोधते, त्याचा उपदेश ऐकते आणि मतदानाने त्याला पाचारण करते.

या पद्धतीचे माहेरघर म्हणजे स्कॉटलंड. आज तिथे ती सर्वमान्य नियमावलीच्या रूपात दिसते. पण या हक्कासाठी तिथल्या मंडळ्यांना दीडशेहून अधिक वर्षे झगडावे लागले. त्यापायी एक राष्ट्रीय चर्च दुभंगले आणि त्या फाटाफुटीचे पडसाद मुंबई, पुणे व नागपूरपर्यंत उमटले.

जागा रिकामी झाल्यावर

चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बिशप नाहीत. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील यांची सभा पाहते. तिला ‘कर्क सेशन’ म्हणतात. त्यावर एका परिसरातील मंडळ्यांची ‘प्रेसबिटरी’ आणि सर्वांत वर दरवर्षी एडिंबरोत भरणारी महासभा, म्हणजे ‘जनरल असेंब्ली’, अशी ही रचना आहे. या प्रत्येक पातळीवर पाळक आणि वडील एकत्र बसतात व निर्णय बहुमताने होतात.

पाळक निवृत्त झाला, निवर्तला किंवा दुसऱ्या मंडळीकडे गेला, की प्रेसबिटरी प्रथम एक हंगामी प्रमुख नेमते. त्याला ‘इंटरिम मॉडरेटर’ म्हणतात. मधल्या काळात उपासना, विवाह, अंत्यविधी आणि सभा यांत खंड पडू नये, ही जबाबदारी त्याची. त्यानंतर प्रेसबिटरी एका मूलभूत प्रश्नाचा निर्णय करते : या मंडळीला स्वतंत्र पाळक बोलावण्याची परवानगी द्यावी, की तिला शेजारच्या मंडळीशी जोडावे? परवानगी मिळाल्यावरच शोधाला आरंभ होतो.

पहिले काम मतदारयादीचे. मंडळीचे दीक्षित सभासद तीत असतातच. त्याशिवाय नियमित उपासनेला येणारे, पण सभासद न झालेले लोकही अर्ज करून तीत नाव घालू शकतात. मग सभा भरते आणि निवड समिती नेमली जाते. तीत तेरापेक्षा अधिक जण असू शकत नाहीत. समिती मंडळीची माहितीपुस्तिका तयार करते : गाव कसा आहे, उपासनेला किती लोक येतात, जमाखर्च काय, पाळकाच्या निवासस्थानाची अवस्था कशी, आणि मुख्य म्हणजे नव्या पाळकाकडून काय अपेक्षा आहेत. पुस्तिका प्रामाणिक असेल तर अर्धे काम झाले असे समजावे; कारण येणाऱ्याची फसगत झाली, तर ती पुढे मंडळीलाच भोवते.

अर्ज येतात, मुलाखती होतात. समितीचे सदस्य इच्छुक पाळकाचा उपदेश ऐकायला प्रवास करून जातात. या पंथात उपदेशाला उपासनेचे केंद्र मानले जाते, त्यामुळे कागदावरच्या पात्रतेपेक्षा व्यासपीठावरचा माणूस पाहणे त्यांना आवश्यक वाटते. अखेरीस समिती एकच नाव पुढे करते.

हे ‘एकमेव नाव’ या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. मंडळीपुढे दोन-तीन उमेदवारांची स्पर्धा लावली जात नाही, कारण तसे झाल्यास मंडळीत तट पडतात आणि निवडून आलेल्याला अर्ध्या लोकांचा विरोध पत्करून कामाला लागावे लागते. ठरलेल्या रविवारी तो पाळक मंडळीसमोर उपासना चालवतो आणि त्यानंतर गुप्त मतदान होते : होय किंवा नाही. कौल अनुकूल असेल तर ‘पाचारणपत्र’ तयार होते व सभासद त्यावर सह्या करतात. ते प्रेसबिटरीने मान्य करावे लागते. पाळकाच्या आचरणाविषयी किंवा शिकवणीविषयी कोणाची सप्रमाण हरकत आहे काय, असे जाहीरपणे विचारले जाते. हरकत नसल्यास प्रतिष्ठापनेचा विधी होतो. त्या विधीत वचने दोन्ही बाजूंनी दिली जातात : पाळक सेवेचे वचन देतो, मंडळी त्याला साथ देण्याचे.

अशा रीतीने मंडळी निवड करते. प्रेसबिटरी ती पारखते आणि अधिकार देते. कोणा एकाच्या हाती सारी सूत्रे राहू नयेत, हा या नियमांमागील विचार आहे. तो का आला, हे इतिहासावरून कळते.

जमीनदाराचा हक्क

मध्ययुगापासून युरोपात ज्याने चर्च बांधले किंवा त्याला जमीन दिली, त्याच्या घराण्याकडे तिथला धर्मगुरू सुचवण्याचा हक्क असे. गोव्याच्या इतिहासातील ‘पाद्रोआदो’ हा शब्द याच कल्पनेतून आलेला आहे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील प्रदेशांत बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क पोपकडून मिळाला होता आणि त्यावरून रोमशी झालेला तंटा मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाजला. स्कॉटलंडमध्ये हा हक्क राजाबरोबरच स्थानिक सरदार-जमीनदारांकडेही होता आणि तो थेट गावच्या पाळकापर्यंत पोचत होता. जमीनदार अनेकदा दूर राहणारा असे. काही वेळा तर तो दुसऱ्याच पंथाचा असे.

१६९० मध्ये हा हक्क रद्द झाला होता. पण १७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांची संसद एक झाली आणि १७१२ मध्ये लंडनच्या संसदेने तो पुन्हा प्रस्थापित केला. एकीकरणाच्या वेळी स्कॉटिश चर्चच्या स्वायत्ततेची हमी दिलेली होती. पाच वर्षांतच ती मोडली, अशी भावना लोकांत रुजली. ती पुढे कधीच पुसली गेली नाही.

मंडळीच्या इच्छेविरुद्ध पाळक लादण्याचे प्रसंग अठराव्या शतकात वारंवार घडले. जॉन गाल्ट यांच्या ‘ॲनल्स ऑफ द पॅरिश’ (१८२१) या कादंबरीत असा नको असलेला पाळक येतो, तेव्हा लोकांनी चर्चचे दार खिळे ठोकून बंद केलेले असते आणि त्याला खिडकीतून आत शिरावे लागते. कथा कल्पित असली तरी वाचकांना ती ओळखीची वाटली, यातच त्या काळाचे चित्र आहे. याच प्रश्नावरून १७३३ मध्ये एबेनेझर अर्स्किन आणि त्यांचे सहकारी चर्चमधून वेगळे झाले. १७५२ मध्ये टॉमस गिलेस्पी यांनी अशा लादलेल्या नेमणुकीत भाग घेण्यास नकार दिला, म्हणून त्यांना पदच्युत करण्यात आले. १७६१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘रिलीफ चर्च’ उभे राहिले.

दोन सह्या

१८३४ मध्ये महासभेने मध्यममार्ग काढला. जमीनदाराने नाव सुचवावे. पण मंडळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला, तर ती नेमणूक होऊ नये. स्त्रियांना यात मत नव्हते. तरीही त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते.

त्याच वर्षी पर्थशायरमधील ऑक्टरार्डर या गावी कसोटीचा प्रसंग आला. किनूलच्या अर्लने रॉबर्ट यंग यांचे नाव सुचवले. गावच्या मंडळीतील अवघ्या दोघांनी पाचारणपत्रावर सही केली; यादीतील ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार नोंदवला. प्रेसबिटरीने नेमणूक फेटाळली. प्रकरण न्यायालयात गेले. १८३८ मध्ये स्कॉटलंडच्या उच्च न्यायालयाने आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, जमीनदाराचा हक्क कायदेशीर आहे आणि मंडळीच्या नकाराला कायद्याचे बळ नाही.

याच सुमारास उत्तरेकडील मारनॉक या गावीही वाद पेटला होता. तिथल्या प्रस्तावित पाळकाच्या पाचारणपत्रावर मंडळीतील एकाच माणसाची, गावातील खाणावळवाल्याची, सही होती. तरीही जानेवारी १८४१ मध्ये प्रतिष्ठापनेचा विधी करण्यात आला. तो सुरू होताना मंडळीतील लोकांनी आपला निषेध वाचून दाखवला, आपापली बायबले उचलली आणि ते बाहेरच्या बर्फात निघून गेले. पाळकाला चर्च मिळाले, मंडळी मिळाली नाही.

१८ मे १८४३

संसदेने चर्चची गाऱ्हाणी फेटाळल्यावर पेच अटळ झाला. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी नेहमीप्रमाणे कामकाज सुरू करण्याऐवजी निषेधपत्र वाचले, ते टेबलावर ठेवले आणि ते दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागून टॉमस चाल्मर्स आणि इतर पाळक रांगेने बाहेर पडले. कॅननमिल्स भागातील टॅनफील्ड हॉलमध्ये त्यांनी ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ स्थापन केले. स्कॉटलंडच्या सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७० च्या वर पाळकांनी जुने चर्च सोडले.

सोडले म्हणजे वेतन, निवासस्थान आणि चर्चची इमारत, सारे एका दिवसात सोडले. पाळकांच्या बायकामुलांना बिऱ्हाड हलवावे लागले. अनेक जमीनदारांनी नव्या चर्चला जागा नाकारली. पश्चिम किनाऱ्यावरील स्ट्रॉन्शनच्या मंडळीने तर त्यावर उपाय म्हणून खाडीत नांगरलेले तरंगते चर्च बांधून घेतले. श्रोते वाढले की ते पाण्यात आणखी खाली जाई, त्यामुळे कोणत्या उपदेशकाला किती गर्दी झाली हे किनाऱ्यावरूनच कळे, असे सांगतात.

मुंबई, नागपूर, पुणे

या घटनेची झळ भारतातही लागली. स्कॉटिश चर्चचे इथले मिशनरी फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्यांत कोलकात्याचे अलेक्झांडर डफ होते, तसेच मुंबईचे जॉन विल्सन. विल्सन १८२९ पासून मुंबईत होते आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली होती. इमारती व साहित्य मूळ चर्चच्या मालकीचे असल्याने त्यांना नव्याने आरंभ करावा लागला. आज गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन कॉलेज याच परंपरेतील. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला पोचले तेही फ्री चर्चचे मिशनरी म्हणूनच. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचे नाव आहे. बेळगावात १८३१ साली जन्मलेले ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी पुढे पुण्यात याच चर्चच्या मंडळीचे पाळक झाले.

१९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आदी परंपरा एकत्र आल्या. या चर्चमध्ये बिशप आहेत आणि पाळकांच्या नेमणुका धर्मप्रांताकडून होतात. म्हणजेच स्कॉटिश मिशनऱ्यांनी ज्या हक्कासाठी घरदार सोडले, तो या भूमीत त्याच रूपात टिकला नाही.

हक्क मिळाल्यानंतर

स्कॉटलंडमध्ये जमीनदारांचा हक्क अखेर १८७४ च्या कायद्याने संपला. फुटून निघालेल्यांपैकी बहुसंख्यांचे वारसदार आणि मूळ चर्च १९२९ मध्ये पुन्हा एक झाले. १९६८ मध्ये स्त्रियांना पाळकपद खुले झाले आणि एकेकाळी ज्यांना मतही नव्हते, त्या आता मंडळीच्या पाचारणाने व्यासपीठावर येऊ लागल्या.

आजचा प्रश्न मात्र निराळा आहे. १९५० च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १३ लाखांच्या घरात होती. ती आता तीन लाखांच्या खाली आली आहे. नवे पाळक थोडे, निवृत्त होणारे पुष्कळ. अनेक मंडळ्यांच्या समित्या पुस्तिका छापतात, जाहिरात देतात आणि एकही अर्ज न येता महिने लोटतात. २०२१ मध्ये महासभेने प्रत्येक प्रेसबिटरीला आपल्या भागात किती पाळक आणि किती इमारती ठेवता येतील, याचा आराखडा करण्यास भाग पाडले. त्यातून मंडळ्या जोडल्या जात आहेत, जुनी चर्चे विक्रीस निघत आहेत आणि ‘परवानगी’चा जो टप्पा पूर्वी औपचारिक वाटे, तोच आता निर्णायक झाला आहे.

ऑक्टरार्डरच्या २८७ कुटुंबप्रमुखांचे म्हणणे इतकेच होते की, आपल्या मुलांना बाप्तिस्मा देणारा आणि आपल्या मृतांना निरोप देणारा माणूस आपल्या संमतीवाचून येऊ नये. ती संमती आज कायद्याने सुरक्षित आहे. लादलेल्या पाळकाला नाकारण्याचे बळ मंडळीने मिळवले. न मिळणाऱ्या पाळकाला आणण्याचे बळ कोणत्याही कायद्यात नसते. त्यासाठी मंडळीतूनच कोणीतरी पुढे यावे लागते, आणि स्कॉटलंडच्या मंडळ्यांपुढील आजचा शोध तोच आहे.