रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थक्षेत्र. मराठी भाषेच्या अभ्यासासाठी महाराष्ट्र शासनाने स्थापन केलेले पहिले स्वतंत्र विद्यापीठ याच गावी आहे. मोठे शहर सोडून वऱ्हाडातील या लहान गावाची निवड का झाली, याचे उत्तर तेराव्या शतकात सापडते.

पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, यांचे वास्तव्य रिद्धपुरात होते. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि अन्य शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येऊन राहिली. स्वामींच्या आठवणी ठिकठिकाणच्या भक्तांना विचारून, पडताळून म्हाइंभटांनी येथे 'लीळाचरित्र' सिद्ध केले. तो मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरविल्या जाणाऱ्या महदाइसेचे 'धवळे' याच भूमीतील. केसोबासांसारखे पंडित संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा त्यामुळे सामान्य स्त्रिया ज्ञानाला मुकतील, असे सांगून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. ज्ञान लोकभाषेत असावे, ही भूमिका येथे इतक्या लवकर घेतली गेली.

पुढे हे ग्रंथ सकळ आदी सांकेतिक लिप्यांमध्ये जपले गेल्याने दीर्घकाळ बाहेरच्या वाचकांपासून दूर राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

स्थापना

मराठीच्या स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जुनी होती. दरम्यान इतर राज्ये पुढे गेली. तंजावरला तमिळ विद्यापीठ १९८१ मध्ये, हैदराबादेत तेलुगू विद्यापीठ १९८५ मध्ये, तर हंपी येथे कन्नड विद्यापीठ १९९१ मध्ये उभे राहिले. केरळनेही २०१२ मध्ये तिरूर येथे मल्याळम विद्यापीठ सुरू केले. तंजावर, हंपी व तिरूर ही स्थळे राजधानीची नाहीत. भाषेच्या किंवा इतिहासाच्या परंपरेशी त्यांचे नाते आहे. रिद्धपूरची निवडही याच धर्तीची आहे.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने रिद्धपूर येथे विद्यापीठ स्थापण्याची घोषणा केली. डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा संमत केला. २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर यांची पहिले कुलगुरू म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

पुढील कार्य

हस्तलिखितांचे जतन व संपादन, जुन्या लिप्या वाचू शकणाऱ्या अभ्यासकांची नवी पिढी घडविणे आणि वऱ्हाडीसह विविध बोलींचा अभ्यास, अशी कामे या विद्यापीठापुढे आहेत. त्याहून कठीण कसोटी विद्यार्थ्यांची आहे. इंग्रजी शिक्षणाकडे ओढा असलेल्या काळात केवळ मराठीचा अभ्यास करून उपजीविका होऊ शकते, हा विश्वास तरुणांना द्यावा लागेल. शिवाय ग्रामीण भागात निवास, ग्रंथालय आणि वाहतूक यांची सोय लागते. सातशे वर्षांपूर्वी रिद्धपुरात म्हाइंभटांसारखे अभ्यासक भाषेच्या आणि श्रद्धेच्या ओढीने जमले. आज मात्र या सोयी आणि रोजगाराची हमी असल्याखेरीज ते जमणार नाहीत.