गाण्यांच्या यादीची कुळकथा

1952 साली केंद्रातलं नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याकडे आलं आणि ऑल इंडिया रेडिओवरची हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. गाणी चाळणीतून जाऊ लागली, त्यांचा वेळ कापला गेला. गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असाही पवित्रा सरकारने घेतला. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. गिरगावातल्या चाळीत, परळच्या खोलीत रेडिओ होता, पण हवं ते गाणं त्यावर नव्हतं.

आज मुंबईत खासगी एफएमवर तासाला कोणती गाणी लागतात, ती कोण ठरवतं, याचा माग काढत मागे गेलं की आपण या भांडणापाशी पोहोचतो. कारण हद्दपार झालेल्या गाण्यांना आसरा मिळाला तो कोलंबोत. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी तिथे एक दणदणीत ट्रान्समीटर उभा राहिला होता. युद्धानंतर तो सिलोनच्या हाती आला आणि 1950 पासून रेडिओ सिलोनने त्यावर जाहिरातींच्या जिवावर चालणारी सेवा सुरू केली. शॉर्टवेव्हवरचा तो आवाज मध्येच विरायचा, मध्येच खरखरायचा, तरी लोक कान लावून बसायचे.

आवाज सिलोनहून येत असला तरी यादी मुंबईत बनत होती. इथे कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे आणि टेपा कोलंबोला जायच्या. त्यातलाच एक 'बिनाका गीतमाला', 3 डिसेंबर 1952 रोजी सुरू झालेला. पैसा टूथपेस्ट विकणाऱ्या सिबा कंपनीचा. निवेदक अमीन सयानी, तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. संहिता लिहायची, बोलायचं आणि आलेली पत्रंही तपासायची, या सगळ्याचे आठवड्याला पंचवीस रुपये. पहिलं स्वरूप स्पर्धेचं होतं: अर्ध्या तासात सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा. बक्षीस शंभर रुपये. पन्नासेक पत्रं येतील असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली. वर्षभरात आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला.

इतकी पत्रं तपासणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून 1954 च्या अखेरीस स्पर्धा गुंडाळली आणि क्रमवारीचा तासाभराचा कार्यक्रम आला. पायदान म्हणजे पायरी, मग वरची पायदान, शेवटी बिगुलाच्या सुरावर पहिल्या क्रमांकाचं सरताज गीत. क्रम ठरायचा तो दुकानांतल्या रेकॉर्डविक्रीवरून, आणि पुढे त्याच्या जोडीला गावोगावच्या श्रोता संघांच्या कौलावरून. आपल्याकडच्या व्यावसायिक रेडिओचं मूळ मी इथे मानतो. कोणाला काय आवडलं याची आठवड्याला मोजणी, त्या मोजणीची उतरंड, आणि उतरंडीच्या दोन्ही बाजूंना टूथपेस्टचं नाव. पुढच्या सत्तर वर्षांत मोजणीची साधनं बदलली. आराखडा हाच राहिला.

सरकारला चूक उमगली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी पंडित नरेंद्र शर्मांच्या पुढाकाराने विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचं गाणं पुन्हा घरी आलं. जाहिराती मात्र तिथे आणखी दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1967 पासून आल्या. सुरुवात झाली मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. म्हणजे भारतातला सरकारी व्यावसायिक रेडिओ पहिल्यांदा वाजला तो महाराष्ट्रात.

या काळातली यादी पोस्टकार्डावर तयार व्हायची. वर गाण्याचे बोल, चित्रपट, गायक. खाली अख्ख्या घराची नावं. आई, बाबा, ताई, बंड्या, शेजारच्या काकू, जागा उरली तर चाळीतलं मित्रमंडळही. गाणं साडेतीन मिनिटांचं, पण त्याआधीची नावं ऐकायला माणसं जास्त आतुर असत. झुमरीतलैया नावाचं गाव देशाला माहीत झालं ते अशा फर्माइशींमुळेच. मुंबई केंद्रावर मराठीत हेच काम 'आपली आवड' करायची. भावगीत, नाट्यगीत, लावणी, मराठी चित्रपटगीत, सगळं एका रांगेत, कारण पत्र पाठवणाऱ्यांच्या घरात ते तसंच नांदत होतं.

आणि लालबाग-परळसाठी 'कामगार सभा' होती. दुपारी 'वनिता मंडळ', संध्याकाळी 'कामगार सभा': केंद्राने दिवसाचे तुकडे पाडले होते ते ऐकणाऱ्या माणसाकडे बघून. पहिल्या पाळीहून सुटलेला गिरणी कामगार अंघोळ करून खोलीत टेकला की त्याच्यासाठी काहीतरी लागलेलं असे. पुढे एफएमवाल्यांनी 'मॉर्निंग ड्राइव्ह', 'इव्हनिंग ड्राइव्ह' म्हणून जे विलायती शास्त्र आणलं, ते गिरणगावाने भोंग्याच्या तालावर आधीच जगून घेतलं होतं. फरक एवढाच की आकाशवाणीच्या डोळ्यांपुढे कामगार होता, एफएमच्या डोळ्यांपुढे गाडीतलं गिऱ्हाईक.

1972 मध्ये मुंबईला दूरदर्शन आलं, ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. 'कामगार सभे'चा श्रोताच विस्कटला. रेडिओ माळ्यावर गेला.

तो खाली उतरला 1993 च्या ऑगस्टमध्ये. मुंबई आणि दिल्लीत आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीचे तास खासगी कंपन्यांना विकले. टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे ही नावं त्या वेळची. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, 2000 मध्ये परवान्यांचा लिलाव झाला आणि 2002 साली मुंबईत पाच खासगी स्टेशनं एकामागून एक उभी राहिली: रेडिओ सिटी, मिर्ची, रेड, गो आणि विन.

मुंबईच्या परवान्याची फी होती वर्षाला 9 कोटी 75 लाख रुपये, दर वर्षी त्यात 15 टक्के वाढ. बातम्या द्यायला बंदी. एवढे पैसे भरून आणि बातम्या न देता कमवायचं कसं? एकच वाट होती, जास्तीत जास्त लोकांना चालतील अशी नवी हिंदी गाणी. 'गो'ने इंग्रजीची वेगळी वाट धरून पाहिली, 'विन' काही वर्षांतच बंद पडलं, बाकीच्यांच्या याद्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी झाल्या. बटण फिरवलं की तेच गाणं पुढच्या कडव्यापासून. लोकांनी तेव्हा आरजेंच्या नावाने बोटं मोडली, पण दोष फीच्या रचनेचा होता. 2005 मध्ये ती बदलून उत्पन्नाचा 4 टक्के हिस्सा घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठे स्टेशनांना श्वास घेता आला.

मिर्चीचं कार्यालय लोअर परळला, सेनापती बापट मार्गावर, गिरण्यांच्याच पट्ट्यात. अशा स्टेशनांत यादी कशी बनते? प्रोग्रॅमिंगवाल्यांपुढे तासाचं एक वर्तुळ असतं, त्याला 'क्लॉक' म्हणतात. त्याचे काप पाडलेले: जिंगल, लगेच आजचं गाजणारं गाणं, आरजेची लिंक, जाहिरातींचा ब्रेक. ब्रेकनंतर पुन्हा हमखास चालणारं गाणं, म्हणजे दुसरीकडे गेलेला श्रोता परत यावा. गाणी गटांत वाटलेली: नवीकोरी, जराशी शिळी आणि 'गोल्ड'. कुठलं किती तासांनी फिरून येणार ते 'रोटेशन'. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, काल सकाळी नऊला वाजलेलं आज सकाळी नऊला येऊ नये, हे संगणक सांभाळतो. गाणं यादीत ठेवायचं की काढायचं, हे गाण्याच्या दहाएक सेकंदांच्या तुकड्यावर ठरतं. तो 'हुक' लोकांना फोनवर ऐकवायचा आणि विचारायचं: ओळखलंत? आवडतं? कंटाळा आलाय का? कंटाळ्याचा आकडा वाढला की गाणं 'बर्न' झालं, काढून टाका. 2007 पासून मुंबईत निवडक श्रोत्यांच्या डायऱ्यांवरून 'रॅम' नावाची मोजणीही सुरू झाली.

पत्राऐवजी फोन आला, विक्रीऐवजी डायरी. पण पोस्टकार्ड पाठवणारा स्वतःहून एखादं विसरलेलं गाणं मागायचा. फोनवरच्या माणसाला फक्त समोर ठेवलेल्या तुकड्यांना हो-नाही म्हणायचं असतं. जे गाणं विचारलंच गेलं नाही, ते आवडतं हे सांगायची सोय त्या पद्धतीत नाही. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो आणि तो सलतो.

मराठी गाणं नेमकं याच फटीत पडलं. स्टेशन 'हिंदी' ठरलं की चाचणीची गाणी हिंदी, चाचणी हिंदी म्हणून निकाल हिंदी, आणि निकाल हिंदी म्हणून स्टेशन हिंदी. दादरला उतरणाऱ्या माणसाच्या इअरफोनमध्ये मराठी गाण्याला अगदी थोडी जागा मिळाली. पुढे जुन्या हिंदी गाण्यांसाठी खास स्टेशनं निघाली, 2016 मध्ये 91.9 वर रेडिओ नशा आलं. म्हणजे वेगळी यादी चालवता येते, हे धंद्यालाही पटलं होतं.

जुलै 2017 मध्ये रेडच्या आरजे मलिष्काने त्या वेळी गाजत असलेल्या एका मराठी गाण्याच्या चालीवर खड्डे आणि महापालिकेवर गाणं केलं. शहरभर ते वाजलं, महापालिका खवळली, मलिष्काच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस गेली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. हिंदी स्टेशनला मुंबईशी बोलायची वेळ आली तेव्हा त्याने मराठी चाल उचलली. ती चाल लालबागला कळते आणि मलबार हिललाही, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. मग त्याच स्टेशनांच्या क्लॉकमध्ये तासाला दोन काप मराठी गाण्यांना द्यायला काय हरकत आहे? नवं एक, जुनं एक, सकाळच्या गर्दीच्या वेळी, रात्री अकराला नव्हे. आणि पुढच्या फोनचाचणीत चार मराठी हुक घालून बघावेत. परळच्या माणसाला निदान एकदा विचारा तरी.