शीड आणि स्वेटर

आमच्या सौभाग्यवतींनी माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला, त्याला आता तिसरा हिवाळा चालू आहे. पाठ झाली, पोट झाले. बाह्यांचा प्रश्न तेवढा लोंबकळतो आहे. "एवढ्या वेळात लोकांनी जहाजे बांधली," असे मी परवा बोलून गेलो आणि फसलो. कारण माझ्याच उशाशी व्हायकिंगांवरचे एक पुस्तक होते, आणि त्यात जहाजापेक्षा शिडाचीच भानगड मोठी निघाली!

व्हायकिंग म्हटला की डोळ्यांपुढे दाढीवाला, कुऱ्हाडवाला गडी उभा राहतो. सन ७९३ मध्ये इंग्लंडातला लिंडिसफार्नचा मठ त्यानेच लुटला. १०२१ साली तो अमेरिकेजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर झाडे तोडत होता. पण नुसती वल्ही मारून का कोणी अटलांटिक ओलांडतो? तो गेला शिडाच्या जोरावर. आणि ते शीड घरी होत असे, तेही बहुधा लोकरीचे.

मेंढ्यांची लोकर काढायची, विंचरायची, टकळीवर सूत कातायचे, उभ्या मागावर अरुंद पट्टे विणायचे आणि ते एकमेकांना शिवून चौकोनी शीड करायचे. एवढ्याने भागत नाही. लोकरीतून वारा आरपार जातो. म्हणून वर चरबी, पाइनच्या लाकडाचे डांबर आणि गेरू चोळायचा. कातणे-विणणे सगळे बायकांकडे. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या पद्धतीने अशी शिडे करून पाहिली, तेव्हा कळले की होडी बांधण्यापेक्षा तिचे शीड करायलाच जास्त वेळ लागतो. म्हणजे नवऱ्याची होडी पाण्याशी तयार, आणि बायको अजून टकळीच फिरवते आहे!

इतिहासात नाव मात्र कुऱ्हाडवाल्याचे. नाही म्हणायला, नॉर्वेत ओसेबर्गला १९०४ साली एक देखणे जहाज उकरून काढले. सन ८३४ मधले ते दफन. आत दोन सांगाडे, दोन्ही बायकांचे. सोबत माग आणि विणकामाचे सामान. चला, निदान एक जहाज तरी बायकांच्या नावावर लागले.

हे सगळे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. सुया न थांबवता ती म्हणाली, "म्हणजे ते नवरेसुद्धा 'झालं का गं?' म्हणून विचारत असतील."

"असतील."

"आणि झाल्यावर?"

"समुद्रावर गेले."

"परत आले सगळे?"

"सगळे नाही."

सुया थांबल्या.

"मग अहो," ती म्हणाली, "बाह्यांची काही घाई नको."