ऑर्फियस मागे का वळला?

ऑपेरा म्हणजे पाश्चात्यांचे संगीत नाटक, एवढे म्हणून मराठी माणूस सहसा तो विषय संपवितो. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. मराठी संगीत नाटकात पात्रे गद्यात बोलतात व भावना दाटून आली म्हणजे पद गातात. बहुतेक ऑपेरांत मात्र बोलणेच गाण्यातून चालते. निरोप, भांडण, कटकारस्थान, पत्राचे वाचन, सारे काही सुरात. त्यामुळे नव्या श्रोत्याला पहिली शंका येते ती अशी, की ही माणसे गातात तरी कशासाठी? ऑपेराच्या आद्य प्रवर्तकांपुढेही हाच प्रश्न उभा होता. त्यांनी त्याला जे उत्तर शोधले, त्याचे नाव ऑर्फियस.

इटलीतील फ्लॉरेन्स नगरात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात काउंट जोव्हान्नी बार्दी या सरदाराच्या घरी कवी, पंडित व संगीतज्ञ यांची बैठक भरत असे. ज्योतिर्विद गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गालिलेई हे तिच्यातील एक प्रमुख सभासद. प्राचीन ग्रीक शोकांतिका संपूर्णपणे गायिल्या जात, असा या मंडळींचा समज होता. त्या काळच्या इटलीत अनेक आवाज एकमेकांत गुंफून गाण्याची पद्धत रूढ होती. त्या गुंफणीत शब्द हरवून जात. म्हणून एकाच आवाजाने, मोजक्या साथीवर, बोलण्याच्या लयीत गावे असे या मंडळींनी ठरविले. साकी किंवा दिंडी म्हणताना सुरापुढे शब्द जसा ठसठशीत उभा राहतो, तसाच काहीसा परिणाम त्यांना हवा होता. ग्रीक नाटकाचे पुनरुज्जीवन त्यांच्या हातून झाले नाही. त्याऐवजी एक नवीच कला जन्माला आली.

या कलेला पहिला नायक हवा होता तो असा, की त्याच्या गाण्याचे कोणाला नवल वाटू नये. ऑर्फियस हा ग्रीक पुराणातील अद्वितीय गायक. त्याच्या गाण्याने वृक्ष व पशूदेखील मोहित होत. त्याची पत्नी युरिडिसी सर्पदंशाने मरण पावते, तेव्हा तो पाताळात उतरून केवळ गाण्याच्या बळावर तिला परत मागतो. वर येईपर्यंत मागे वळून तिच्याकडे पाहावयाचे नाही, या अटीवर ती त्याला मिळते. तो वळतो आणि तिला कायमचा गमावतो. गाण्याच्या सामर्थ्याची आणि माणसाच्या दुर्बलतेची ही एकच कथा चार शतके संगीतकारांना साद घालीत आली आहे. ऑर्फियस मागे का वळला, या प्रश्नाला प्रत्येक काळाने आपापले उत्तर दिले. आणि ती उत्तरे ओळीने मांडली की ऑपेराचा इतिहासच पुढे उभा राहतो.

पहिल्या उत्तरात तर प्रश्नच टाळला आहे. १६०० साली फ्रान्सचा राजा चौथा हेन्री व मारिया दे मेदिची यांच्या विवाहानिमित्त फ्लॉरेन्सच्या राजवाड्यात याकोपो पेरी याचा 'युरिडिसी' हा ऑपेरा झाला. ज्याचे संगीत आज उपलब्ध आहे असा हा सर्वांत जुना ऑपेरा. शुभकार्यात अशुभ नको, म्हणून कवी रिनुच्चीनी याने मागे न पाहण्याची अटच काढून टाकली. नायक पत्नीला घेऊन सुखरूप परततो.

सात वर्षांनी, १६०७ साली, मान्तुआच्या दरबारात क्लाउदिओ माँतेव्हेर्दी याचा 'ऑर्फेओ' झाला आणि प्रयोगाची कला झाली. गोपाळांच्या आनंदगीतांना रंग भरलेला असतानाच एक दूती येते व युरिडिसीच्या मृत्यूची वार्ता सांगते. सारे स्वर क्षणात काळवंडतात. पाताळात प्रवेश होताच वाद्येही बदलतात. मृदू तंतुवाद्यांच्या जागी ट्रॉम्बोनचा गंभीर घोष ऐकू येतो. मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्यापुढे ऑर्फियस आपली सारी विद्या पणाला लावतो. माँतेव्हेर्दीने या जागी दोन ओळी छापल्या आहेत, एक साधी चालीची व दुसरी ताना-मुरक्यांनी नटलेली. गंमत अशी, की नावाड्याचे कान सुखावतात, पण मन द्रवत नाही. शेवटी त्याला झोप लागते आणि ऑर्फियस नाव हाकून पैलतीर गाठतो. नुसत्या कौशल्याने हृदय जिंकता येते का, हा प्रश्न ऑपेराने आपल्या बालपणीच विचारून ठेवला. येथे ऑर्फियस वळतो तो संशयाने. पाठीमागे गडबड ऐकू येते, ती येते आहे की नाही याचा त्याला भरवसा वाटत नाही, आणि तो पाहतो.

१६३७ साली व्हेनिसमध्ये सान कास्सिआनो हे नाट्यगृह तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला खुले झाले. दरबाराची मिरास लोकांच्या हाती आली. त्याचा लाभ मोठा झाला, तशी किंमतही पडली. प्रेक्षक पैसे मोजीत ते आवडत्या गायकासाठी. त्यामुळे पुढील शंभर वर्षांत गायक नाटकावर स्वार झाला. त्या काळच्या गीतांत पहिला भाग अखेरीस पुन्हा गावयाचा असे व दुसऱ्या वेळी गायकाने त्याला स्वतःच्या ताना जोडावयाच्या असत. नायकाच्या भूमिका बहुधा उंच, स्त्रीसदृश आवाजाच्या पुरुषांकडे जात. त्यासाठी मुलांचा आवाज फुटण्यापूर्वीच त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याची क्रूर प्रथा रूढ होती. हॅन्डेलचा १७२४ सालचा 'ज्युलिओ चेझारे' ऐकला म्हणजे या पद्धतीतही केवढे श्रेष्ठ संगीत निर्माण झाले हे कळते. परंतु सामान्य रचनाकारांच्या हाती नाटक थांबे व गाणे चाले.

या अवस्थेविरुद्ध ग्लूक उभा राहिला, तोही ऑर्फियसचाच हात धरून. १७६२ साली व्हिएन्नात त्याचा 'ऑर्फेओ एद युरिडिचे' झाला. पडदा उघडताच युरिडिसीच्या समाधीपाशी शोकगीत चालू असते व ऑर्फियस तिचे नाव तीनदा हाकारतो. त्या तीन हाकांत कोणताही अलंकार नाही. पाताळाच्या द्वारी राक्षसिणींचा समूह त्याच्या प्रत्येक विनवणीला 'नाही' असे गर्जून उत्तर देतो. मग तो नकार हळूहळू मवाळ होत जातो. भाषेचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही हे वितळणे स्पष्ट ऐकू येते. ग्लूकच्या नायकावर दुहेरी बंधन आहे. पाहावयाचे नाही व कारणही सांगावयाचे नाही. युरिडिसीला हे औदासीन्य वाटते, ती त्याला बोल लावते, आणि तो तिच्या दुःखाने व्याकूळ होऊन वळतो. त्यानंतरचा त्याचा विलाप जगप्रसिद्ध आहे. नवल असे, की हे शोकाचे गीत पाश्चात्यांच्या मेजर स्वरसप्तकात, म्हणजे स्थूलमानाने बिलावल थाटाच्या शुद्ध स्वरांत बांधलेले आहे. हीच चाल आनंदाच्या शब्दांनाही शोभली असती, अशी टीका एकोणिसाव्या शतकात झाली. तरीही त्या सरळ सुरांतील कारुण्य श्रोत्यांना जाणवत आले आहे.

एका शतकानंतर ऑर्फियसची थट्टाही झाली. १८५८ साली पॅरिसमध्ये ऑफेनबाखने 'पाताळातील ऑर्फियस' हे प्रहसन रंगविले. त्यात नवरा-बायकोला एकमेकांचे तोंड पाहवत नाही. पत्नी गेल्याचा नवऱ्याला आनंदच होतो. परंतु 'लोकमत' नावाचे एक पात्र त्याला दटावून पाताळात धाडते. येथे तो वळतो तो ज्युपिटर वीज कडाडवून त्याला दचकवितो म्हणून. ग्लूकच्या विलापाची चालही त्यात खोडकरपणे योजिली आहे. ज्या कथेची अशी टवाळी होऊ शकते, ती लोकांच्या किती अंगवळणी पडली असेल, हे निराळे सांगावयास नको.

सर्वांच्या परिचयाची कथा घ्यावी व तिला गाण्याने नवे करावे, हे सूत्र मराठी रंगभूमीलाही परके नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, त्यात पद्याचा भार सूत्रधारावर होता. बेळगावशी निकटचा संबंध असलेले अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणले व पात्रांच्या मुखी पदे घातली. पुढे गायकनटांच्या युगात एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळू लागले आणि नाटक रात्रभर चालू लागले. गाणे नाटकासाठी की नाटक गाण्यासाठी, हा वाद मग मराठी पत्रांतून खूप रंगला. गोविंदराव टेंबे यांनी तर 'महाश्वेता' व 'जयदेव' या संगीतिकाच रचल्या. ग्लूकचे भांडण काय होते हे मराठी श्रोत्याला म्हणूनच समजावून द्यावे लागत नाही. ते त्याने घरीच पाहिलेले आहे.

ऑर्फियसच्या कथेचे भारतीय प्रतिरूप शोधू गेल्यास सावित्रीचे आख्यान डोळ्यांपुढे येते. तेथे पती पत्नीला आणावयास जातो व हरतो. येथे पत्नी पतीला मागते व जिंकते. इंग्रज संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट संस्कृत शिकला होता. महाभारतातील या आख्यानावर त्याने 'सावित्री' हा छोटा ऑपेरा रचला. १९१६ साली लंडनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. सावित्री, सत्यवान व मृत्यू अशी तीनच पात्रे, डझनभर वाद्ये, पडद्याआडचा समूहस्वर आणि कालावधी सुमारे अर्धा तास. आरंभी एकही वाद्य वाजत नाही. दुरून केवळ मृत्यूचा आवाज येतो व सावित्रीचा स्वर त्याला येऊन मिळतो. होल्स्टची सावित्री स्वतःसाठी जीवन मागते; मृत्यू ते देतो; मग ती म्हणते की सत्यवानावाचून जीवन म्हणजे जीवनच नव्हे. ऑपेराशी पहिली ओळख करून घेणाऱ्या मराठी श्रोत्याला याहून सुगम दार क्वचितच सापडेल. संगीत परके, पण कथा आजीच्या तोंडून ऐकलेली.

ही कथा अजूनही संपलेली नाही. २०२० साली लॉस एंजेलिसमध्ये मॅथ्यू ऑकोइन या तरुण अमेरिकन संगीतकाराचा 'युरिडिसी' झाला. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गेला. सेरा रूल या लेखिकेने आपल्याच नाटकावरून त्याची संहिता सिद्ध केली. माँतेव्हेर्दीच्या ऑपेरात युरिडिसीच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या होत्या. चार शतके जिच्यासाठी सारे विलाप झाले, तिला काय वाटत होते हे विचारण्याचे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. या ऑपेरात पाताळात तिला तिचे दिवंगत वडील भेटतात. विसरलेली भाषा ते तिला पुन्हा शिकवितात. पतीच्या मागून वर जावे की वडिलांपाशी राहावे, हा पेच आता तिचा आहे. येथे ऑर्फियस वळतो, कारण ती स्वतः त्याचे नाव घेऊन हाक मारते. ग्लूकच्या नायकाने प्रारंभी जी हाक घातली होती, तिला जणू अडीच शतकांनी उलट हाक मिळाली.

दरबारातून नाट्यगृहात आलेली ही कला विसाव्या शतकात घरोघरी गेली ती रेडिओमुळे. २५ डिसेंबर १९३१ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेराने हुम्परडिंक याचा 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' संपूर्ण ध्वनिक्षेपित केला, आणि तेथून शनिवारच्या प्रक्षेपणांची परंपरा सुरू झाली. मिल्टन क्रॉस हा निवेदक आरंभापासून १९७५ साली मरण पावेपर्यंत अंक सुरू होण्यापूर्वी त्याचे कथानक साध्या शब्दांत सांगत असे. न्यूयॉर्कला पाऊल न लावलेल्या असंख्य श्रोत्यांना ऑपेरा कळला तो या आवाजाच्या बोटाला धरून. १९८३ साली टोरोन्टो येथे रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखविण्याची सोय प्रथम झाली व भाषेची उरलीसुरली भिंतही खचली.

जिज्ञासू श्रोत्याने म्हणून एकदम चार तासांचा महाकाय ऑपेरा हाती घेऊ नये. कथानक आधी वाचावे, मग होल्स्टची अर्ध्या तासाची 'सावित्री' ऐकावी. नंतर ग्लूकच्या राक्षसिणींचा तो मावळत जाणारा नकार, आणि मग माँतेव्हेर्दीच्या दूतीचे आगमन. त्यानंतर ऑकोइनची युरिडिसी परकी वाटणार नाही. शब्द न कळता भाव कळला अशी एक जागा सापडली की पुढची वाट श्रोता स्वतःच काढतो. ऑर्फियसला मागे पाहण्याची मनाई होती आणि त्याने पाहिले. श्रोत्याला अशी कोणतीच मनाई नाही. या कलेत जितके मागे वळून पाहावे, तितके अधिकच हाती लागते.