यंत्र येण्यापूर्वीची नऊ वर्षे

संगणकाने काढलेल्या चित्रास कला म्हणावे की नाही, हा वाद अलीकडे पुन्हा रंगला आहे. अशा वेळी व्हेरा मोल्नार या चित्रकर्तीचे शिक्षण कसे झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मोल्नारबाईंचा जन्म १९२४ साली बुडापेस्ट येथे झाला. बालपणी बालाटोन सरोवरावरचा सूर्यास्त त्या रोज संध्याकाळी रंगीत खडूंनी काढीत. त्याच त्या रंगांचा कंटाळा आला, तेव्हा पेटीतील नेहमीच्या खडूऐवजी त्याच्या उजवीकडचा खडू उचलावयाचा, असा नियमच त्यांनी स्वतःस घालून घेतला. नियम ठरवावा आणि त्यातून काय उमलते ते पाहावे, हेच पुढे त्यांच्या कलेचे सूत्र झाले.

बुडापेस्टच्या ललितकला महाविद्यालयात रीतसर शिक्षण घेऊन १९४७ साली त्या पॅरिसला आल्या. १९५९ पासून त्यांनी एक ‘कल्पित यंत्र’ चालविले. रेषा व चौकोन यांच्या मांडणीचे नियम आधी ठरवावयाचे आणि आपणच यंत्र आहोत अशा निष्ठेने एकेक पायरी हाताने काढावयाची. खरा संगणक त्यांना लाभला तो १९६८ साली, पॅरिसच्या एका संशोधन केंद्रात. त्यास पडदा नव्हता. छिद्रे पाडलेली कार्डे यंत्रास द्यावयाची आणि कागदावर रेषा उमटेपर्यंत वाट पाहावयाची.

नियमात त्या एक टक्का अव्यवस्था मिसळीत. ज्यांनी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे, त्यांना नियम आणि हाताची मोकळीक यांचे हे नाते निराळे सांगावयास नको.

मातोश्रींची पत्रे हंगेरीहून येत. ओळीच्या आरंभी नीटस आणि शेवटाकडे अस्वस्थ होत जाणारे ते अक्षर १९८१ ते १९९० या काळात त्यांनी संगणकाकडून गिरवून घेतले. त्या ओळींत वाचता येईल असा एकही शब्द नाही. तरीही आईचा हात ओळखू येतो.

२०२२ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. ७ डिसेंबर २०२३ रोजी त्या निवर्तल्या.

यंत्राने चित्र काढणे निराळे आणि यंत्राकडून ते काढवून घेणे निराळे. काढवून घेणाऱ्याला काय हवे ते आधी ठाऊक असावे लागते. मोल्नारबाईंनी त्यासाठी नऊ वर्षे, यंत्रावाचून, हाताने धडे गिरविले होते.