आधी जीवाश्म, मग जीव

प्राणिशास्त्रात सहसा प्राणी आधी दिसतो, मग त्याला नाव मिळते, आणि पुढेमागे तो नाहीसा झालाच तर त्याची हाडे संग्रहालयात जातात. ऑस्ट्रेलियातल्या माउंटन पिग्मी पॉसमच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्याला मृत म्हणून नाव मिळाले आणि जिवंत म्हणून तो सत्तर वर्षांनी भेटला. आज तो पुन्हा मृतांच्या यादीत जाण्याच्या बेतात आहे. म्हणून हा इतिहास मला मांडावासा वाटतो.

१८९५ मध्ये रॉबर्ट ब्रूम या स्कॉटिश डॉक्टरने न्यू साउथ वेल्समधल्या वोम्बेयन गुहांजवळ मिळालेल्या इवल्याशा जबड्यांचे वर्णन केले. त्यांत एक उपदाढ विलक्षण मोठी आणि उभ्या रेघांनी खोदल्यासारखी होती. त्याने प्राण्याला ‘बुर्रामिस पार्वस’ असे नाव दिले. ‘बुर्रा’चा अर्थ तिथल्या आदिवासी भाषेत खडकाळ जागा असा सांगितला जातो, म्हणजे हा खडकाळ जागेतला छोटा उंदीर. तो उंदीर मुळीच नव्हता, कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा शिशुधान प्राणी होता. त्या उपदाढेमुळे तो कांगारूंच्या जवळचा की पॉसमच्या, हा वाद बराच काळ चालला. १९५६ मध्ये डब्ल्यू. डी. एल. राइड यांनी ते अवशेष नव्याने तपासले आणि पॉसमच्या बाजूने कौल दिला. ब्रूम तोवर दक्षिण आफ्रिकेत मानवाच्या पूर्वजांच्या कवट्या शोधून जगप्रसिद्ध झाला होता आणि १९५१ मध्ये वारलाही होता.

ऑगस्ट १९६६ मध्ये, ऐन हिवाळ्यात, व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट होथमवरच्या एका स्की-लॉजमध्ये एक अनोळखी प्राणी सापडला. तो मेलबर्नला नेला, तज्ज्ञांनी दात पाहिले, आणि ब्रूमचा जीवाश्म समोर जिवंत असल्याचे ध्यानात आले. १९७० मध्ये तो कोशियस्को परिसरात आढळला आणि १९९६ मध्ये माउंट बुलरवर. आजवर त्याची वस्ती या तीनच डोंगरी भागांत माहीत आहे.

हा प्राणी सुमारे ४५ ग्रॅमचा, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षाही हलका. शेपूट मात्र अंगापेक्षा लांब. मोठमोठ्या शिळांच्या खचाखाली, बर्फाच्या थराआड तो सहा-सात महिने शीतनिद्रा घेतो. त्या काळात त्याच्या शरीराचे तापमान सुमारे दोन अंशांपर्यंत उतरते. बर्फ त्याची गोधडी असते. बर्फ कमी पडला की ही गोधडी विरळ होते आणि खालची थंडी वाढते. उन्हाळे वाढले म्हणजे त्याला ऊब मिळेल असा हिशेब इथे लागू पडत नाही. आणि वर सरकायला जागा तरी कुठे आहे? कोशियस्को हे त्या खंडाच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत उंच शिखर २२२८ मीटरचे, आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरही जास्त नाही.

त्याच्या खाण्यात ब्रूमच्या कोड्याचे उत्तर आहे. ती रेघांची उपदाढ माउंटन प्लम-पाइन या झुडपाच्या कठीण बिया फोडायला उपयोगी पडते. अशा बिया तो साठवूनही ठेवतो. पण वसंतातला मुख्य आधार म्हणजे बोगाँग पतंग. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून हे निशाचर कीटक हजार किलोमीटरपर्यंत उडत येतात आणि उन्हाळाभर डोंगरांतल्या थंड कपारींत निपचित बसून राहतात. त्यांचे अंग चरबीने गच्च भरलेले असते. आदिवासी समाजही पिढ्यान्‌पिढ्या ते भाजून खात आले. क्लॉग्ज गुहेत मिळालेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर या पतंगांचे अंश आढळले आहेत.

शीतनिद्रेतून उठलेल्या मादीला याच खाद्यावर चार पिल्लांपर्यंत दूध पाजायचे असते. २०१७ पासूनच्या दुष्काळात मैदानांतली पतंगांची पैदास कोसळली, आणि त्यानंतरच्या वसंतांत कित्येक माद्यांच्या पिशवीतली पिल्ले एकजात मेली. शेकडो किलोमीटर दूरच्या शेतजमिनीत पाऊस पडला नाही म्हणून डोंगरावर पिल्ले उपाशी मेली, इतका हा धागा लांब आहे. २०१९-२० च्या वणव्यांनी उरलेल्या अधिवासालाही झळ लावली.

माणसाने काही केले नाही असे मात्र नाही. माउंट होथमवर रस्ता आणि स्कीइंगच्या बांधकामांनी नर-माद्यांच्या वाटा तोडल्या होत्या. विणीनंतर नर खालच्या उतारावर जातात आणि वरची चांगली जागा माद्यांना सोडतात. वाट तुटल्यावर नर तिथेच अडकले आणि हिवाळ्यात माद्या जास्त मरू लागल्या. १९८५ च्या सुमारास रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा केला. नर त्यातून जाऊ लागले आणि माद्यांचे मृत्यू घटले. लोक त्याला कौतुकाने ‘प्रेमाचा बोगदा’ म्हणतात. माउंट बुलरवरची वस्ती काही डझनांवर येऊन आपसातल्या संकराने खंगत चालली, तेव्हा २०११ मध्ये होथमच्या बाजूचे काही नर तिथे नेऊन सोडले. त्यांची संतती जास्त दणकट निघाली आणि वस्ती पुन्हा वाढली.

व्हिक्टोरियातल्या प्राणिसंग्रहालयांनी लोकांना वसंतात घराबाहेरचे अनावश्यक दिवे मालवायची विनंती केली, कारण प्रवासातले पतंग उजेडाला भुलून शहरांतच अडकतात. कॅनबेराच्या संसद भवनाच्या दिव्यांवर त्यांचे थवे जमत, हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांत दिवाळी येते ती याच वसंतात. चार पणत्यांनी पतंगांचा मार्ग चुकणार नाही; पण रात्रभर जळणारे झगझगीत दिवे पूजेनंतर मालवले, तर सणाचे काही उणे होणार नाही.

आता ब्रूमच्या जीवाश्मांकडे परत येऊ. मायकेल आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की, या प्राण्याचे सुमारे अडीच कोटी वर्षांपर्यंतचे जुने नातलग सखल, दमट अरण्यांत राहत होते. मग बर्फ हे त्याचे मूळ घर नसून शेवटचा आडोसा असावा, असा त्यांचा तर्क आहे. त्यावरून बर्फाळ टापूच्या बऱ्याच खाली, लिथगो गावी, २०२२ मध्ये प्रजनन केंद्र सुरू झाले. खालच्या उबदार रानात हा प्राणी पुन्हा रुळेल का, हे तिथे तपासले जात आहे.

हा प्रयोग यशस्वी झाला तरी होथमच्या शिळा, प्लम-पाइन आणि पतंग राखण्याची गरज संपत नाही, असे मला वाटते. १९६६ मध्ये तो प्राणी लॉजमध्ये सापडला, तो त्या शिळांखालची वस्ती शाबूत होती म्हणून. ती गेली, तर ब्रूमने नाव दिले होते तशीच नुसती जबड्याची हाडे उरतील.