मुलांचा कॅन्सर आणि ‘ट्यूमर मार्कर’ : रिपोर्टमधला आकडा काय सांगतो?

लहान मुलाच्या पोटात गाठ आढळली की डॉक्टर सोनोग्राफीबरोबर रक्ताची एक खास तपासणी लिहून देतात. रिपोर्टमध्ये मोठा आकडा दिसला की अम्मी-अब्बांचे हातपाय गळतात. हा आकडा काय असतो, ते आपण समजून घेऊ.

काही गाठी रक्तात किंवा लघवीत विशिष्ट पदार्थ सोडतात. त्यांनाच ट्यूमर मार्कर म्हणतात. मुलांमध्ये मुख्यतः हे मार्कर पाहिले जातात :

• एएफपी : यकृताचा हेपॅटोब्लास्टोमा आणि काही जर्म सेल गाठी.
• बीटा एचसीजी : काही जर्म सेल गाठी.
• व्हीएमए आणि एचव्हीए : न्यूरोब्लास्टोमा. ही तपासणी लघवीची असते.

आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असे नाही. नवजात बाळाचा एएफपी मुळातच हजारोंच्या घरात असतो आणि साधारण वर्षभरात उतरतो. त्यामुळे तो बाळाच्या वयाप्रमाणेच वाचावा लागतो. उलट, आकडा नॉर्मल म्हणजे धोका टळला, असेही नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर या मार्करमधून कळत नाही. त्यासाठी सीबीसी आणि बोन मॅरोची तपासणी लागते. म्हणूनच लॅबची ‘कॅन्सर पॅकेज’ मनाने करून घेण्यात पैसे घालवू नका.

मार्करचा खरा उपयोग उपचारावर नजर ठेवण्यासाठी होतो. गाठ पूर्ण निघाली तर एएफपी दर 5 ते 7 दिवसांनी साधारण निम्मा होत जातो. तो उतरायचा थांबला किंवा पुन्हा चढू लागला, तर डॉक्टर स्कॅन करून शोध घेतात. त्यामुळे एका रिपोर्टपेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा आणि सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार फाइलमध्ये ठेवा.

सर्वात मोठा धोका वेगळाच आहे. आकडा नॉर्मल झाला की ‘अल्हम्दुलिल्लाह, मूल बरं झालं’ म्हणून काही घरांत केमो अर्धवट सोडली जाते. आकडा खाली आला तरी कॅन्सरच्या थोड्या पेशी उरलेल्या असू शकतात. दुवा जरूर करा, पण दवा डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवा. खर्चाची अडचण असेल तर उपचार सोडण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जा, सरकारी आरोग्य योजनेची चौकशी करा. आपल्या वस्तीत असे कुटुंब असेल, तर जकात देताना त्याची आठवण ठेवू या.